बाटलीवर न लिहिलेलं ज्येष्ठमध

बावीस एप्रिल, सकाळचे नऊ. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून मी लोखंडी खलबत्त्यात ज्येष्ठमध कुटत होते. दोन दिवसांनी पनवेलजवळच्या कोन गावात हळद होती. तीनशे ग्लास थंड गवती चहाची ऑर्डर होती, बिनसाखरेचा पण गोड. हळदीला आमच्या भागात लग्नापेक्षा जास्त माणसं येतात. त्यातल्या बायका आणि वयस्कर मंडळींसाठी माझा चहा. बाकीच्यांच्या पिण्याची सोय वेगळी असते, तिच्यात मी पडत नाही.

हा माझा दुसरा धंदा. पहिली अठरा वर्षं मी एका औषध कंपनीत पॅकिंग विभागात होते. काम एकच. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या आणि लेबल बरोबर आहे का ते आम्ही बघायचो. घटक, प्रमाण, बॅच नंबर, वापरण्याची मुदत. एक अक्षर पुसट असलं तरी पूर्ण पेटी बाजूला काढायची. मी त्यात कडक होते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते.

नोकरी संपल्यावर घरी बसवेना. पनवेलला आमचा तळमजल्याचा फ्लॅट आहे, मागे दहा फुटांची मोकळी जागा. तिथे गवती चहा माजला होता. पाहुण्यांना त्याचा गार चहा द्यायचे, ते दुसरा ग्लास मागायचे. एकीने विकत मागितला. तिथून सुरुवात.

करायला सोपा आहे, पण लोक घाईत बिघडवतात. गवती चहा उकळायचा नसतो. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग कात्रीने कापलेली पाती टाकायची, चार तुळशीची पानं, मूठभर पुदिना, आणि घट्ट झाकण. पंधरा मिनिटं. त्याहून जास्त ठेवला तर गवताचा वास येतो, कमी ठेवला तर गरम पाणी प्यायल्यासारखं लागतं. बर्फही साध्या पाण्याचा घालायचा नाही. त्याच चहाचा बर्फ करायचा, म्हणजे वितळला तरी चहा पातळ होत नाही. लिंबू शेवटी, ग्लासातच.

खरी अडचण गोडाची. जिभेला गारठा लागला की तिला गोड कमी कळतं. गरम असताना बरोबर वाटलेला चहा गार झाला की फिका लागतो. साखर घालायची नाही हे मी ठरवूनच टाकलं होतं, कारण माझी निम्मी गिऱ्हाइकं साखर सोडायला निघालेली. पहिल्या उन्हाळ्यात मी खजूर वापरला. खजूर शिजवून, कुस्करून, गाळून. चव उत्तम. पण खजुराचं पाणी उन्हाळ्यात आंबतं, हे मला कळलं ते एका सत्यनारायणाच्या पूजेत. पेटी टेबलाखाली ठेवली होती. कथा रंगात आली आणि टेबलाखालून फट् आवाज झाला. मग दुसरा. गुरुजी थांबले, म्हणाले, "कोणी लवंगी लावली?" तिसऱ्या बाटलीचं झाकण उडून यजमानांच्या सोवळ्यावर चहा. मी लाजून आठवडाभर त्या गल्लीतून गेले नाही. आणि त्या घरच्या दोन पुरुषांचा फोन, "ताई, तो चहा फार छान होता. तसाच परत मिळेल का, जरा जुना?"

म्हणून मी ज्येष्ठमधावर आले. ज्येष्ठमध आंबत नाही. वरून खरखरीत तपकिरी काडी, आतून पिवळी. गायक मंडळी घशासाठी चघळतात ती. कुटून दहा मिनिटं उकळली की पाणी गोड होतं, आणि तो गोडवा साखरेसारखा आल्या आल्या समोर येत नाही. घोट गिळल्यावर मागून येतो आणि जिभेवर बसून राहतो. लोकांना कळेना हा गोडवा कशाचा. आणि मी सांगेना.

इथे माझी चूक सुरू होते. मला त्या गुपिताची मजा वाटायला लागली. विचारलं की मी म्हणायची, "ओळखा." कुणी म्हणायचं मध, कुणी म्हणायचं मनुका. कुलकर्णी नावाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांचा विश्वासच बसेना. मधुमेहाची पट्टी असते ना, लघवी तपासायची, ती त्यांनी माझ्या चहात बुडवली आणि मला घरी येऊन दाखवली. "बघा, रंग बदलला नाही. पण मी सोडणार नाही तुम्हाला." दर आठवड्याला त्यांचा नवा अंदाज. मनात भीतीही होती. आज सांगितलं तर उद्या समोरच्या बिल्डिंगमधली कुणीतरी हेच करेल. म्हणून माझ्या बाटलीच्या लेबलवर एवढंच होतं: गवती चहा, तुळस, पुदिना. साखर नाही. सर्वांसाठी.

नवरा सुरेश कॉम्प्युटरवर लेबलं छापून देतो. पहिल्या वेळी त्याने विचारलं होतं, "ज्येष्ठमध नाही लिहायचं?"

मी म्हटलं, "नाही."

"तुझ्या कंपनीत चाललं असतं?"

"ही कंपनी नाही. हे स्वयंपाकघर आहे."

आता हिराबाई. ती उरणजवळच्या करंजाची. मासळी घेऊन टेम्पोने पनवेलच्या बाजारात येते. साठीच्या पुढची, अंगाने भरलेली, नाकात मोठी नथनी, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला भाव कळावा. आमची ओळख झाली ती एका सुरमईवरून. मी तिच्या पाटीतली सुरमई उचलली, तर तिने माझ्या हातातून काढून घेतली. "ती कालची हाय, बाय. तलून खा, नायतर घेव नको. कालवन करशील न् मना शिव्या देशील." वीस वर्षं मी मासळी घेते, असं सांगून विकणारी पहिलीच भेटली. तेव्हापासून मी दुसरीकडे गेले नाही.

तिला साखरेचा त्रास, बीपीचा त्रास. दिवसाला सहा-सात कप दुधाचा गोड चहा. डॉक्टरांनी तो बंद करायला सांगितला तेव्हा ती माझ्यासमोर अक्षरशः रडकुंडीला आली होती. "भाकर सोडीन, पन चा कसा सोडू?" मी तिला माझी एक बाटली दिली. तिने पाटीतल्या बर्फात खुपसली, थोड्या वेळाने काढून प्यायली, आणि म्हणाली, "साखर नाय?"

"नाही."

"शपत?"

"शपथ."

त्यानंतर तिने दुधाचा चहा सोडला. रोज सकाळी एक बाटली, दुपारी एक. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. मी तिच्यावर खूश. ती बाजारात माझी जाहिरात करायची, तीही अशी की मला लाज वाटावी. "ए बाय, पापलेट नंतर, आधी हा चा पी." मला बर्फ द्यायलाही तयार होती. "माज्या पाटीतला घे, फुकट हाय." मी म्हटलं, "नको, लोक विचारतील चहात बांगडा कुठला." ती इतकी हसली की शेजारची कोळीणही हसायला लागली.

फेब्रुवारीपासून ती असं दीड लिटर पीत होती. एप्रिलच्या मध्यावर ती दिसेनाशी झाली. तिची जागा रिकामी. मला वाटलं, लग्नसराई आहे, घरात काही असेल.

बावीस तारखेला मी खलबत्त्याशी बसलेले असताना बेल वाजली. दारात हिराबाईची सून सुगंधा. तिशीतली पोर, हातात पिशवी, पिशवीत माझ्या रिकाम्या बाटल्या. दाराबाहेरूनच म्हणाली, "काकी, आयनं सांगतलंय सा बाटल्या भरून दे."

"आई कुठे आहे तुझी? आठ दिवस दिसली नाही."

"घरीच हाय. पाय सुजलेत. हातातली ताकदच गेली, पाटी उचलायला जाते तर उचलतच नाय. बीपी तर असं वर गेलंय, डॉक्टरनी दोनदा गोली बदलली. खाली येतच नाय." ती आत आली, पाणी प्यायली. "तोंडाला कशाची चवच नाय तिच्या. तुमचा चा तेवडा गोड लागतो. आता तर तीन बाटल्या पिते."

मी हातातला बत्ता खाली ठेवला नव्हता. सुगंधाची नजर खलबत्त्यात गेली.

"ह्ये काय, जेष्टीमध काय?"

"हो."

"डॉक्टरीन बायनी तेच इचारलं आमाला. काडा घेता काय, जेष्टीमध खाता काय. आय म्हनली, आमी कोली मानसं, आमी मासली खातो, जेष्टीमध कोन खातो?" ती हसली. "कशाला कुटताय? घसा धरलाय तुमचा?"

मी खोटं बोलू शकले असते. घसा धरलाय, एवढं म्हणणं पुरे होतं. मी तो विचार केला, हे लिहून ठेवते. मग म्हटलं, "सुगंधा, बस. हे तुझ्या आईच्या चहातच आहे."

तिने पिशवीतली एक बाटली काढून बघितली. "लेबलावर नाय लिवलेलं."

"नाही लिहिलं."

तिच्याकडून नंबर घेऊन मी उरणच्या त्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांचा दवाखाना नुकताच उघडला होता. मी नाव सांगितलं, हिराबाईच्या चहाबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं,

"तुम्ही वैद्य आहात?"

"नाही. चहा करून विकते."

"आणि मी पंधरा दिवस गोळ्या बदलत बसले आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्त लागलं. "रोज किती जात होतं पोटात?"

हे मात्र मला सांगता आलं. पॅकिंगची सवय. माझी वही असते, कोणत्या दिवशी किती लिटरला किती ग्रॅम काय घातलं. मी आकडे वाचून दाखवले. त्यांनी लिहून घेतले आणि मला समजेल असं सांगितलं. ज्येष्ठमध एखाद्या दिवशी घशासाठी चघळलं तर बहुतेकांना काही होत नाही. पण रोज, भरपूर, महिनोन्‌महिने घेतलं तर ते अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं. बीपी चढतं, पाय सुजतात, स्नायू गळतात. "त्यात मी त्यांना सूज उतरायची गोळी दिली, तिनेही पोटॅशियम कमी होतं. आज त्यांना घेऊन यायला सांगा, रक्त तपासू. आणि तो चहा आजपासून एक थेंब नाही."

"ठीक होतील ना?"

"आता कारण कळलंय. बघू."

सुगंधा सगळं ऐकत होती. उठली, रिकाम्या बाटल्यांची पिशवी तिथेच ठेवली आणि दाराशी जाऊन म्हणाली, "काकी, आय तुमचं नाव किती घेते म्हाईत हाय?" एवढंच. गेली.

मी कुटलेलं ज्येष्ठमध कागदात गुंडाळून कपाटाच्या वर टाकलं आणि वही काढली. नेहमीची बेचाळीस घरं होती. एकेकाला फोन लावला. सुरेश म्हणाला, "मेसेज टाक सगळ्यांना एकदम." मी म्हटलं, "नको, मेसेज कोण वाचतं. शिवाय बीपी कोणाला आहे ते विचारायचंय."

फोनवर माणसं कळतात. एक बाई म्हणाल्या, "अय्या, मला कधीच कळलं होतं!" त्यांना कधीच कळलं नव्हतं, त्या मला दोन वर्षं मनुका म्हणत होत्या. एकींनी सरळ सांगितलं, "यापुढे नको. तुम्ही काहीही घालाल." मी म्हटलं, "बरोबर आहे." बहुतेकजण दिवसाला एक ग्लास पिणारे निघाले, त्यांना काही त्रास नव्हता. तिघांना बीपी होतं, त्यांना मी बाटली ओतून द्या आणि डॉक्टरांना सांगा म्हणून दोनदा बजावलं. कुलकर्णींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी ओळखायच्या आतच तुम्ही सांगून टाकलंत. हे काही खरं नाही." आणि थोड्या वेळाने स्वतःच फोन करून, "त्या कोळीणबाई कशा आहेत?"

शेवटचा फोन कोनला, भगवानशेठना. त्यांच्या मुलाची हळद. जमिनी, ट्रक, मोठं घर, आणि माणूस दिलदार. गेल्या वर्षी पुतणीच्या हळदीला माझाच चहा होता.

"शेठ, चहा बदलावा लागेल."

"का बरं ताई? मी तर सगल्यांना सांगून बसलोय. साखर नाय तरी गोड. आमची आय दोन उन्हाले तोच पिते, तिला काय झालं नाय."

"आजी एक ग्लास पितात. एक बाई दीड-दोन लिटर प्यायली आणि आजारी पडली. तुमच्याकडे तीनशे माणसं. कोण किती पितंय, कुणाला काय आहे, मला काय कळणार?"

"मंग त्यात काय हाय ते आता सांगा की."

मी सांगितलं. ते म्हणाले, "दोन वर्सं मी इचारतोय, तुमी सांगत नवता. आज फोन करून सांगताय, तेबी हळदीच्या दोन दिवस आधी." मग हसले. "बरं. काय देनार?"

"खजुराचा. गोड आहे, पण मधुमेहवाल्यांना चालेलच असं नाही. ते सांगावं लागेल."

"सांगू की. माईक हाय."

मला वाटलं, चेष्टा करताहेत.

तेवीसचा दिवस खजुरात गेला. काळा खजूर बिया काढून शिजवला, पुरणयंत्रातून काढला, मलमलीच्या कापडातून दोनदा गाळला. चव आली, पण रंग गढूळ. सुरेशने ग्लास उजेडात धरला आणि म्हणाला, "ऑगस्टमधल्या गाढी नदीचं पाणी."

"स्टीलच्या ग्लासात देऊ. रंग कोण बघतो?"

"हिराबाईला फोन केलास?"

"सुगंधाने सांगितलं असेल."

"तू केलास का?"

"आधी कोनचं होऊ दे," मी म्हटलं. तो शिल्लक बाटल्या घेऊन ओट्याशी उभा राहिला आणि गरम पाण्यात भिजवून एकेक लेबल खरवडून काढायला लागला. मी खजूर गाळत राहिले. कामाचं निमित्त मला फार लवकर सापडतं, हे त्याला पंचवीस वर्षं माहीत आहे.

चोवीस तारखेला पहाटे चहा केला, कारण आदल्या दिवशी करून ठेवला असता तर सत्यनारायणाचा खेळ हळदीत झाला असता. मोठ्या पातेल्यांभोवती बर्फाच्या लाद्या लावल्या, टेम्पोने कोनला. संध्याकाळी मांडव भरला. डीजे, पिवळ्या साड्या, हळद लावायला रांग. माझे ग्लास फिरायला लागायच्या आधी गाणं बंद झालं आणि माईकवर भगवानशेठ. "ऐका, ऐका! चा येतोय. थंडा चा. त्यात खजूर हाय. ज्यांना शुगर हाय त्यांनी एकच ग्लास, आनि तोबी आपल्या जबाबदारीवर. गेल्या टायमाला जेष्टीमध व्हता, आता नाय. कोनी इचारायचं नाय, कशानं गोड. सांगितलंय!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. डीजेवाल्याने त्या 'खजूर हाय' वर दोन ठोके वाजवून घेतले. मी पातेल्याच्या मागे उभी होते, माझ्या दोन वर्षांच्या गुपिताची ही वरात बघत.

सगळे ग्लास संपले. शेठच्या आईने मला बोलावून घेतलं. ऐंशीची म्हातारी, हिरवं लुगडं, हात हळदीने पिवळे. "बाय, गेल्या टायमाचा बरा व्हता," ती म्हणाली. "ह्यो पोटाला जड हाय." मी म्हटलं, "हो आजी, मलाही तोच आवडायचा." खोटं नव्हतं.

हे लिहिते आहे तेव्हा हिराबाई पुन्हा बाजारात बसते. पाटी अजून सून उचलते, भाव मात्र हीच ओरडते. पण पंचवीस एप्रिलला मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी मी सहाला उठले आणि मागच्या जागेत गेले. गवती चहाचा सगळ्यात जुना ठोंब निवडला, फावड्याने भोवतालची माती सैल केली, मुळांसकट अर्धा वेगळा काढला. पाती वरून एक वीत ठेवून कापली, मुळं ओल्या गोणपाटात बांधली. सुरेशने विचारलं, "चाललीस?" मी मान हलवली. त्याने फावडं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. एस. टी.त कंडक्टर म्हणाला, "मावशी, शेतावर काय?" मी म्हटलं, "हो."

करंजाला पोहोचले तेव्हा होड्या लागल्या होत्या, लिलाव चालू होता. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून सुगंधाने मला घरी नेलं. हिराबाई दारात खुर्चीवर, पाय स्टुलावर. पाय खरंच सुजलेले होते. चेहरा मी ओळखत होते त्यापेक्षा लहान वाटला.

"आली गो," ती म्हणाली. "मना वाटलं, येनार नाय."

मी म्हटलं, "कालच यायला हवं होतं. परवाच. हळदीचं काम होतं, पण ते निमित्त होतं. तुझ्या चहात ज्येष्ठमध होतं, हिराबाई. मी लिहिलं नाही. तुला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुला सांगता आलं नाही, ते माझ्यामुळे."

"सुगंधानं सांगतलं." ती माझ्याकडे बघत होती, गिऱ्हाइकाकडे बघावं तशी, माल पारखत. "रगत तपासलं. काय तरी कमी हाय म्हनतात, त्याचं औषध दिलंय. आज बीपी थोडं खाली हाय. एक सांग. कशाला नाय लिवलंस?"

"कुणीतरी दुसरी तसाच करेल म्हणून."

"बस? एवड्यासाटी?"

"एवढ्यासाठीच."

तिने खाडीकडे हात केला. "दर्यात मासली हाय ते सगल्या जगाला म्हाईत हाय. म्हनून सगलं जग कोली झालं काय?"

 सुगंधा दाराआड तोंडाला पदर लावून हसली.

"आता मी काय पिऊ, ते सांग," हिराबाई म्हणाली. "दुदाचा नाय, तुजा नाय. पानी पिऊ काय म्हातारपनी?"

"नुसता गवती चहा. पुदिना, लिंबू. गोड नाही. डॉक्टरबाईंना फोनवर विचारलंय, चालेल म्हणाल्या. तुझा तू कर. मी सांगते कसा." आणि मी सांगितलं, पाणी उकळून गॅस बंद, मग पाती, पंधरा मिनिटं, झाकण. ती सगळं ऐकत होती. मध्येच म्हणाली, "हळू सांग. बाजारात सगल्यांना सांगायचंय मना."

"सांग."

"तुजं नाव नाय घेनार."

"नको घेऊस."

मी गोणपाट सोडलं आणि घराच्या मागे जागा बघायला लागले. खुर्चीवरूनच तिचा आवाज आला, बाजारातला, सगळ्या आळीला ऐकू जाणारा. "तितं नको! तितं कोंबड्या येतात. मोरीच्या बाजूला लाव, मासली धुतलेलं पानी तिकडंच जातं."

मोरीच्या बाजूची माती काळी आणि मऊ होती. वीतभर खड्डा केला, ठोंब बसवला, मुळं पसरून माती दाबली. मग सुगंधाने मासळी धुतलेल्या पाण्याची बादली आणून दिली, आणि मी ती हळूहळू, मुळांशी, सगळी ओतली.